सासूबाई माझ्या चीजला छान म्हणतात

वूर्देन, १२ जानेवारी १९८६

प्रिय नेलेके,

इतके दिवस गप्प राहिले, माफ कर. तुझं पत्र नोव्हेंबरपासून टेबलावर आहे. कामं आडवी आली असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. कामं नव्हती. तुला कोण म्हणून लिहावं तेच ठरत नव्हतं. सतरा वर्षं तू माझी नणंद होतीस. नोव्हेंबरात न्यायाधीशांनी कागदावर शिक्का मारला आणि बास्तियानबरोबर तूही गेलीस, असं कायदा म्हणतो. माजी नवरा असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. माजी नणंद नावाचं काही असतं का? असेल तर तिला पत्र कसं लिहायचं, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही. मी वाचनालयात जाऊन पाहिलं. खरंच पाहिलं, हसू नकोस.

तुझा भाऊ मजेत आहे. कार्लाबरोबर गाउडाला राहतो. ती विमा विकते. संकट येण्याआधी माणसानं विमा काढावा, असं ती भेटेल त्याला सांगत असते. मला तेवढं सांगायचं तिचं राहून गेलं.

पण तक्रार त्याची नाही, तुझ्या आईची आहे. त्या माझ्याशी सभ्यपणे वागायला लागल्या आहेत.

तुला वाटेल, मग बिघडलं कुठं? पण तू त्यांची मुलगी आहेस, तुला कळायला हवं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी माझे बटाटे चाखून त्या म्हणाल्या होत्या, शिक्षण जास्त झालंय आणि मीठ कमी. तेव्हापासून माझे पडदे, माझी सायकल, माझे डॉक्टर, वर्गातल्या मुलांना मी देते ते गुण, सगळ्यांवर त्यांचं मत होतं, आणि ते मला दारातच मिळायचं, कोट काढायच्या आधी. ख्रिसमसच्या आधी त्या माझ्या या नव्या फ्लॅटवर आल्या. कोट माझ्या हातात दिला. बसू का, असं विचारलं. पडद्यांकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी माझ्या रक्तातल्या चरबीवर बोट ठेवल्यापासून मी दुकानातलं कमी चरबीचं चीज आणते, प्लास्टिकात गुंडाळलेलं. तेच पुढे ठेवलं. त्यांनी खाल्लं आणि म्हणाल्या, छान आहे.

नेलेके, ते चीज सायकलच्या ब्रेकला लावावं अशा लायकीचं आहे. चार पिढ्या चीज करणाऱ्या घरातली बाई त्याला छान म्हणते म्हणजे तिच्या लेखी मी मेले. मेलेल्यांबद्दलच त्या फक्त चांगलं बोलतात.

तू म्हणशील, आईंच्या मळ्यावरचं चीज का आणलं नाहीस? मागायला मी आता कोण? घटस्फोटाच्या कागदांत मोटार आहे, भांडी आहेत, कपाटंसुद्धा आहेत. चीजचा उल्लेख नाही.

आता मुद्दा. आठ मार्चला मी पंचेचाळीस वर्षांची होते. दर वर्षी वाढदिवस मळ्यावर व्हायचा, यंदा इथे. संध्याकाळी सगळे येतील, खुर्च्या गोल मांडलेल्या असतील, आणि प्रत्येक जण प्रत्येकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करत फिरेल. माझ्या बहिणीला म्हणतील, बहिणीबद्दल अभिनंदन. शाळेतल्या मैत्रिणीला म्हणतील, मैत्रिणीबद्दल. आई आल्या आणि त्या गोलात बसल्या तर लोक त्यांना कशाबद्दल अभिनंदन म्हणणार? त्या काय उत्तर देणार? आम्हाला मूल झालं नाही. झालं असतं तर त्या आजी म्हणून आल्या असत्या, आणि आजीचा घटस्फोट होत नसतो. आता त्यांना यायला कारणच उरलं नाही. आल्या तरी सगळ्यांदेखत छान छान करत बसतील आणि नऊला उठून जातील. मग मला कळेल की मी गमावलं ते नवऱ्याला नव्हे, त्यांना. नवरा गेला तेव्हा मला एवढी भीती वाटली नव्हती. हे लिहिताना स्वतःला दोनदा विचारलं. खरं आहे.

खायला फळं आणि चीज करणार आहे. एका मासिकात पानभर दिलंय: झटपट, आरोग्यदायी, दहा मिनिटांत तयार. चित्रातल्या बाईला नोकरी नसावी.

आईंना बोलावू का?

तुझी (कोण ते तूच ठरव),
हेस्टर

०

ओंटारिओ, २७ जानेवारी

प्रिय वहिनी,

मी ठरवलं. वहिनी. न्यायाधीशांना काही म्हणायचं असेल तर त्यांनी इथे बर्फातून यावं, गोठ्यापर्यंतचा बर्फ उपसायला मी फावडं देईन.

नणंदेला पत्र लिहायला वाचनालयात जाणारी बाई जगात एकच असेल आणि ती आमच्याच घरात पडायची होती. बास्तियानबद्दल मी बोलत नाही. तो माझा भाऊ आहे, आणि भावाबद्दल वाईट बोलू नये म्हणून मी त्याच्याबद्दल काहीच बोलत नाही.

आईला बोलाव. तिच्या मनात काय आहे मला कसं कळणार, मी समुद्रापलीकडे. फोन करते तेव्हा ती अंडी उकडायचं वाळूचं घड्याळ शेजारी ठेवते. हवामान, गाई आणि मळ्यावर काम करणाऱ्या आरीच्या पाठीचं दुखणं एवढ्यात वाळू संपते. मनापर्यंत आम्ही कधी पोचलोच नाही. फक्त एक कर. तिला पाहुणी म्हणून बोलाव आणि पाहुणीसारखं वागव. चांगले कप काढ, हातात थाळी दे, स्वयंपाकघरात येऊ देऊ नकोस. म्हणजे तिला अवघडल्यासारखं होणार नाही आणि तुलाही मोकळं वाटेल. मी दूर आहे म्हणून मला हे स्पष्ट दिसतं.

आता तुझी फळं. चीजवर द्राक्ष टोचणं म्हणजे गाईला टोपी घालणं, हे वाक्य तू आमच्या घरात ऐकलं असशील. पण इथे सगळे तेच करतात. इथे चीज नारिंगी रंगाचं असतं, त्याला लोक चीजच म्हणतात आणि पोलीस काही करत नाहीत. मी पाहुण्यांना सफरचंदाच्या फोडी आणि मुरलेलं चीज देते. सफरचंद अगदी आयत्या वेळी काप आणि लिंबू चोळ, नाहीतर ते काळं पडतं. चीज तासभर आधी बाहेर काढून ठेव. गार चीजला चव नसते. तुझ्या त्या चीजला गरम करूनही येणार नाही, पण ते जाऊ दे.

आणि पंचेचाळीस झाल्याचं एवढं काय घेऊन बसलीस? मी सत्तेचाळीस आहे आणि अजून ट्रॅक्टर चालवते.

नेलेके

०

वूर्देन, १६ फेब्रुवारी

प्रिय नेलेके,

तुझ्या सल्ल्याप्रमाणे छापील कार्ड पाठवलं. उत्तरादाखल कार्डच आलं. "निमंत्रणाबद्दल आभारी आहे. येण्याचा आनंद होईल. मा. होगेनडोर्न." आडनावासकट. एवढी वर्षं त्या माझ्यासाठी दूधवाल्याच्या पावतीमागे निरोप लिहायच्या आणि खाली सहीसुद्धा नसायची. मळ्यावरून दुसरं कोण मला "अंडी संपली तर सांगत का नाहीस" असं लिहिणार होतं? आता मला मा. होगेनडोर्न भेटायला येणार आहेत. मी त्यांना चांगलं ओळखत नाही.

पाहुणीसारखं वागवायची तयारी सुरू आहे. नवे कप आणले. तागाचे नॅपकिन आणले, पांढरे, कडेला निळी शिलाई. तुला वाटतं ना, तसंच करते. तुझ्या आईला तूच जास्त ओळखणार.

खाण्याच्या तालमी झाल्या. शाळेतली व्यायामाची शिक्षिका योके चाखायला येते. पेअर आणि निळ्या बुरशीचं चीज मला फार आवडलं. योके म्हणाली, मुलांच्या कपडे बदलायच्या खोलीची आठवण येते. द्राक्ष आणि चीजचा चौकोनी तुकडा काडीवर टोचला की द्राक्ष आधी पळतं. फेब्रुवारीतलं टरबूज ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. शेवटी किवी पसंत पडली. गोल बिस्किटावर ताजं मऊ चीज, चक्क्यासारखं, त्यातही चरबी नसलेलं, आणि वर किवीची चकती. हिरवं, पांढरं, दंतवैद्याच्या खोलीइतकं स्वच्छ. योकेनं तीन खाल्ली आणि तिला कशाचीच आठवण आली नाही. तेव्हा तेच.

एक गोष्ट तुला सांगायला हवी. काल दुकानात उभी असताना मनात आलं, मुद्दामच काहीतरी भयंकर करावं. डब्यातलं अननस, प्लास्टिकातलं चीज, वर कागदी झेंडा. मग आईंना राहवणारच नाही, त्या काहीतरी फाडकन बोलतील आणि सगळं पूर्वीसारखं होईल. झेंड्यांचं पाकीट हातात घेतलंही होतं. परत ठेवलं. जाणूनबुजून वाईट खायला घालून बोलणी मिळवली तर ती बोलणी खरी नव्हेत. मी मनापासून चांगलं करीन. त्या मनापासून काय बोलायचं ते बोलोत. छान म्हणाल्या तर छान.

(पाकीट परत ठेवलं ते प्रामाणिकपणामुळे की दुकानदार माझ्या वर्गातल्या मुलीचा बाप होता म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.)

हेस्टर

०

ओंटारिओ, २ मार्च

वहिनी,

नॅपकिन फेकून दे.

इथे बर्फाचं वादळ झालं, तारा पडल्यात, फोन मुका आहे, म्हणून लिहिते आहे. हे तुला आठ तारखेच्या आत पोचलं तर मी पोस्टखात्याबद्दल आजवर बोलले ते सगळं मागे घेईन.

तारा पडायच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. वाळू संपली. मला ती संपल्याचं कळतं, कारण आई वाक्य अर्धं टाकून फोन ठेवून देते. या वेळी तिनं घड्याळ उलटं केलं. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच झालं. मला वाटलं कोणी गेलं. ती म्हणाली, "हेस्टरला मी नकोशी झालेय. मला छापील कार्ड पाठवलं."

आता ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. तुझ्या ऑक्टोबरच्या पत्रात होतं, मला आता होगेनडोर्न असण्याचा कंटाळा आलाय, थोडं नुसतं हेस्टर व्हायचंय. मी त्याचा अर्थ लावला. मी हुशार आहे ना. डिसेंबरात आईनं विचारलं, तिच्याकडे जाऊ का. मी सांगितलं, जा, पण पडद्यांबद्दल बोलू नकोस, तिला हुकूम सोडू नकोस, तिचं घर आहे, छान म्हण आणि ये. वाढदिवसाचं विचारलं तेव्हा सांगितलं, चीज नेऊ नकोस, परक्या घरी फुलं नेतात. आणि तुला जानेवारीत लिहिलं, तिला काय वाटतं मला ठाऊक नाही. ठाऊक होतं. मला वाटलं, दोघींना थोडं दूर ठेवलं की दोघींना सोपं जाईल. आता दोघी समोरासमोर बसून एकमेकींना नॅपकिन द्या.

मी काही माफी मागत नाहीये. सल्ला चांगलाच होता. माणसं चुकीची होती.

तिला स्वयंपाकघरात घाल. हातात सुरी दे.

नेलेके

०

वूर्देन, रविवार, ९ मार्च

प्रिय नेलेके,

तुझं पत्र काही आलं नाही, तेव्हा जानेवारीतलाच सल्ला धरून चालले. पाहुणी. चांगले कप. त्याचं काय झालं ते ऐक.

आई सगळ्यांच्या आधी आल्या. आरीनं मोटारीनं सोडलं. चर्चला जायचा काळा कोट, हातात ट्युलिप. दुकानातले, कागदात गुंडाळलेले, वर चिकटपट्टी. आजवर त्यांनी मला कधी फूल दिलं नव्हतं. हात पुढे केला आणि म्हणाल्या, अभिनंदन हेस्टर, फ्लॅट छान आहे. मी म्हटलं, आलात, फार बरं वाटलं. मग आम्ही दोघी हवामानाबद्दल बोललो. हवामान होतंच. दाराजवळच्या खुर्चीवर त्या बसल्या, पर्स मांडीवर, बसची वाट पाहावी तशा.

मग बाकीचे आले आणि हात मिळवत गोल फिरायला लागले. तीने, माझी बहीण, त्यांच्यापाशी आली आणि "बरं चाललंय ना?" म्हणून पुढे सरकली. योके "अभिनंदन" म्हणाली आणि तिथेच थांबली, गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबते तशी. आमच्या शाळेतला रसायनशास्त्राचा वाउटर शिकलेला माणूस, त्यानं आईंच्या शेजारच्या कुंडीचं कौतुक केलं. आई प्रत्येकाला मान लववत होत्या. त्यांचे कान लाल झाले होते. मी कॉफी ओतत होते आणि कपात कमी, बशीत जास्त पडत होती.

केक झाला, वाइन आली आणि मी माझी थाळी काढली.

नेलेके, दर वर्षी मी माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाला एक धडा शिकवते. किवीत एक पाचक रस असतो, तो दुधातली प्रथिनं फोडतो आणि थोड्या वेळानं सगळं कडू होतं. फळ्यावर आकृती काढते. परीक्षेत विचारते. ज्यांना येत नाही त्यांचे गुण कापते. आणि काल दुपारी, वेळ वाचावा म्हणून, मी चार वाजताच सगळ्या चकत्या ताज्या चीजवर मांडून थाळी फ्रिजमध्ये ठेवून दिली. योकेनं चाखली होती ती तिथल्या तिथे केलेली. घरात दोन विज्ञानशिक्षक होते. एकीनं ते बनवलं आणि दुसऱ्यानं तोंडात घालताच माझ्याकडे परीक्षकाच्या नजरेनं पाहिलं. योकेचं बिस्किट वाउटरनं वाखाणलेल्या कुंडीत गेलं. तीनेला अचानक दात दुखत असल्याचं आठवलं.

आईंनी एक खाल्लं आणि म्हणाल्या, छान आहे.

मग दुसरं घेतलं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. मला थाळी काढून घ्यायची होती. पण गेला महिनाभर मी पाहुणचाराचा एवढा सराव केला होता की माझ्या तोंडून आपोआप निघालं, आणखी घ्या ना. आणि त्यांनी तिसरं घेतलं. मी देत होते आणि त्या गिळत होत्या. एकमेकींना इतक्या सभ्यपणे विष घालणाऱ्या दोन बायका या प्रांतात कोणी पाहिल्या नसतील.

तेवढ्यात शेजारचे पेल्स आले. दक्षिणेकडून नुकतेच राहायला आलेले, विधुर, तिकडच्या लोकांसारखे मोठमोठ्यानं बोलणारे. त्यांना माझ्याबद्दल काडीची माहिती नाही. ते रीतसर गोल फिरले. बहिणीबद्दल अभिनंदन, मैत्रिणीबद्दल अभिनंदन, सगळ्यांना शेकहँड, सगळं बिनचूक. आईंपाशी आले आणि त्यांनी विचारलं, आपण कोण?

मी बोलायला हवं होतं. माझ्या हातात थाळी होती, हे काही कारण नव्हे.

आई म्हणाल्या, "मी तिच्या नवऱ्याची आई."

पेल्सना आनंद झाला. त्यांनी आईंचा हात दोन्ही हातांत घेतला. "मग अभिनंदन, सुनेबद्दल."

वाउटरनं ग्लास खाली ठेवला त्याचा आवाज मला ऐकू आला. आईंनी आधी पेल्सच्या हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे, बराच वेळ. आमच्या पहिल्या भेटीत पाहिलं होतं तसं, गाय विकत घ्यावी की नाही असं.

"धन्यवाद," त्या म्हणाल्या.

आणि पर्स मांडीवरून खाली जमिनीवर ठेवली.

"हेस्टर, हे काय केलंयस?"

"किवी आहे, आई." नोव्हेंबरपासून मी त्यांना कसलीच हाक मारली नव्हती. वाक्यं अशी जुळवायची की हाक लागू नये. पण आता तोंडातून निघून गेलं.

"किवी मला दिसतेय. आंधळी नाही मी. चीज कुठलं?"

"दुकानातलं. चरबी नसलेलं."

"चवही नाही. घरी फळ्या चीजच्या भारानं वाकल्यात आणि तू दुकानात जाऊन हे आणतेस. पाहुणे मारायचे होते तर मला आधी सांगायचं, मी घरीच मेले असते. दे ती थाळी इकडे."

मी दिली. त्यांनी ती सगळ्यांदेखत स्वयंपाकघरातल्या केराच्या डब्यात उलटी केली. वाउटर "देवाची कृपा" असं काहीतरी पुटपुटला. माझा तागाचा नॅपकिन त्यांनी कमरेच्या पट्ट्यात खोचला आणि त्याला सुरी पुसली. मग म्हणाल्या, कोटाखाली पिशवी लटकवलीय ती आण. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चीज होतं, दीड वर्ष मुरवलेलं, अख्ख्या गोल चीजचा चौथा भाग. म्हणाल्या, आणणार नव्हते, नेलेके म्हणाली परक्याकडे फुलं न्यायची. पण निघताना राहवलं नाही. नणंदबाई, या विषयावर मला तुमच्याकडून सविस्तर पत्र हवं आहे.

घरात सफरचंदं होती, दोन पेअर होत्या, मूठभर अक्रोड होते. मी फोडी करायच्या, लिंबू चोळायचं. त्या चीजचे पातळ काप काढत होत्या. काडी नाही, झेंडा नाही, बिस्किट नाही. दहा मिनिटांत झालं. मासिकवाल्यांना मी उगाच बोलले. त्या दहा मिनिटांत पडदे झाले (शवपेटीवर घालायला भाड्यानं आणलेल्या कापडासारखे), सुऱ्या झाल्या (यानं लोणी तरी कापतं का), माझे डॉक्टर झाले, कार्लासुद्धा झाली, दोनच शब्दांत, ते मी पत्रात लिहू शकत नाही. बाहेर पेल्स चीज खाऊन ओरडून विचारत होते, हे कोणी केलं. आई आतून ओरडल्या, आम्ही.

मी सफरचंदावर लिंबू चोळत राहिले. फार जास्त चोळलं, असं त्या म्हणाल्या.

आता रविवारची दुपार आहे. चर्चमधून येऊन बसले आहे आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे. मनात आलं, अनोळखी माणसाला लाज वाटू नये म्हणून त्या धन्यवाद म्हणाल्या असतील. शक्य आहे. त्या तशा आहेत. पण पडद्यांबद्दल बोलायची त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती.

जाताना मोटारीत बसल्यावर काच खाली करून त्या म्हणाल्या, मुरत ठेवलेली चीजं उलटायला खांदा वर जात नाही माझा. आरी फळीवरची कडेची चीजं उलटतो आणि मधली विसरतो. सोमवारी उजाडताच ये, शाळेच्या आधी. चरबी उतरवायची असेल तर डॉक्टरकडे कशाला जातेस? मी म्हटलं, सोमवारी माझा पहिला तास आहे, जमेल का ते पाहते. त्या म्हणाल्या, "मी विचारलं नव्हतं." आणि काच वर केली.

तुझी वहिनी,
हेस्टर

ता. क. उद्या: उजाडताच मळ्यावर. चीजं उलटणे, मधल्या रांगेपासून सुरुवात.